सायकल भिंतीवर टांगू नका, रस्त्यावर दिसू द्या

सायकलला सध्या फार मान आलाय. फक्त ती चालवायची नसेल तर.

हायवेवरच्या कुठल्याही नव्या हॉटेलात जा. जुनी काळी सायकल भिंतीला टांगलेली दिसेल, खाली पिवळा बल्ब. लग्नाच्या हॉलबाहेर फोटो काढायला फुलांनी मढवलेली सायकल. बागेत कॅरिअरवर कुंड्या ठेवलेली सायकल. शहरातल्या चौकात भंगारातल्या चाकांचं शिल्प आणि शेजारी सेल्फी पॉइंट. सगळं छान दिसतं आणि मला त्याचा राग नाही. पण एक गोष्ट खटकते. सायकल रस्त्यावरून जसजशी कमी झाली, तसतशी ती भिंतीवर वाढत गेली. माणूस गेल्यावर त्याचा फोटो मोठा करून लावतात, तसं काहीसं.

आणि इथं तर ती अजून गेलेलीही नाही.

बिद्रीच्या रस्त्यावर सकाळी सव्वासहा-साडेसहाला उभं राहून बघा. बोरवड्याकडून, उंदरवाडीकडून, आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून पोरं-पोरी सायकलवर येतात. कुणी क्लासला, कुणी शाळेला, कुणी डेअरीला दूध घालायला. संध्याकाळी क्लास सुटला की तीच पोरं अंधारात परत जातात. हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो आणि नेमका तेव्हाच ऊस सुरू असतो. म्हणजे वर्षातला सगळ्यात जास्त अंधार आणि सगळ्यात जास्त वाहतूक एकाच वेळी. कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावर ट्रॅक्टर, त्यामागं दोन-दोन ट्रॉल्या, मध्येच बैलगाड्या, आणि कडेला ही सायकल. तिला ना दिवा, ना डायनामो. मागचा लाल रिफ्लेक्टर असलाच तर फुटलेला.

माझा प्रश्न या सायकलबद्दल आहे. जिल्ह्याला आपण अभिमानानं कलानगरी म्हणतो. या कलेनं या सायकलसाठी काय केलं?

प्रश्न ओढूनताणून आणलाय असं वाटेल. कला कुठं, सायकल कुठं? पण या दोघांचं नातं आपल्या भागात फार जुनं आहे. निपाणीवरून पुढं बेळगावला गेलात तर तिथं किर्लोस्कर रोड आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे नाव आपल्याला नांगरामुळं, पंपामुळं माहीत. पण हा माणूस मुळात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेला होता. काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आलं आणि चित्रकला सोडावी लागली. मग ते यंत्रांची रेखाटनं शिकले, मुंबईत तेच शिकवूही लागले. आणि 1888 मध्ये भावाबरोबर बेळगावात दुकान टाकलं ते सायकलचं. त्या दुकानापासून सुरू झालेला प्रवास पुढं लोखंडी नांगरापर्यंत आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडीपर्यंत गेला. कारखान्याला जागा दिली औंधच्या राजानं, आणि हे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. म्हणजे आपल्या भागातल्या उद्योगाच्या मुळाशी एक चित्रकलेचा विद्यार्थी, एक सायकलचं दुकान आणि एक चित्रकार राजा आहे. रंग सुटले तरी आकार बघणारी नजर सुटली नाही. डिझाइन म्हणजे याहून वेगळं काय असतं?

दुसरं उदाहरण तुमच्या बुडाखालचं आहे, अगदी शब्दशः. ग्रामपंचायतीत, शाळेत, दवाखान्यात वाकवलेल्या लोखंडी पाइपच्या खुर्च्या असतात ना? त्या घराण्याचा मूळ पुरुष शोधत गेलात तर जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत पोहोचाल. तिथला मार्सेल ब्रॉयर 1925 च्या सुमारास आडलर कंपनीची सायकल चालवायचा. तिचं वाकवलेलं नळीचं हँडल बघून त्याच्या डोक्यात आलं की एवढी हलकी आणि मजबूत नळी वाकवून हँडल होत असेल, तर खुर्ची का नाही होणार? आज ग्रामसभेत ज्या खुर्चीवर बसून आपण भांडतो, ती नात्यानं सायकलच्या हँडलची नात लागते.

आणि चित्रकारांनी सायकलला हात लावला नाही असंही नाही. मार्सेल द्युशाँनं 1913 मध्ये सायकलचं चाक स्टुलावर उभं केलं. पिकासोनं 1942 मध्ये एक सीट आणि एक हँडल जोडून बैलाचं मुंडकं केलं. बैलाचं मुंडकं आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. बेंदराला शिंगं रंगवणारी माणसं आपण. एकदा फोटो बघितला की कळतं, सीट म्हणजे तोंड, हँडल म्हणजे शिंगं.

पण मला सगळ्यात मोठं डिझाइन दिसतं ते आपल्याच गल्लीत. त्यावर कुणाची सही नाही.

सुरी-कात्रीला धार लावणारा आठवा. सायकल स्टँडवर लावायची, मागचं चाक अधांतरी, त्यावरून पट्टा थेट पुढच्या सहाणेच्या चाकावर. सीटवर बसून पायडल मारलं की ठिणग्या उडायला सुरुवात. कारखाना आणि वाहन एकच. दूधवाल्याची सायकल आठवा. 1963 मध्ये गोकुळ दूध संघ स्थापन झाला, गावोगाव दूध संस्था झाल्या. त्यातलं कितीतरी दूध आधी सायकलवरच्या किटल्यांतून हललंय. दोन्ही बाजूंना हूक, वजन दोन्हीकडं सारखं, किटलीखाली रबराचा तुकडा म्हणजे खडखड नाही आणि तार तुटत नाही. हे कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. गारेगारवाल्याची पेटी, पाववाल्याची पत्र्याची ट्रंक, मुलाला बसवायला मधल्या दांड्यावर लावलेली छोटी सीट, ही सगळी गरजेतून आलेली डिझाइनं.

आणि नटवणं? ते तर विचारूच नका. हँडलला रंगीत गोंडे, तारांत मणी, चेनकव्हरवर नाव. खंडेनवमीला सायकल धुऊन-पुसून तिला झेंडूचा हार आणि आंब्याचा डहाळा. नवीन सायकल आली की पहिल्यांदा देवळात आणि दुसऱ्यांदा पेंटरकडं. कोल्हापूर जिल्ह्यात 'पेंटर' हा नुसता धंदा नाही, ती पदवी आहे. बाबूराव मेस्त्रींनी 1920 मध्ये 'सैरंध्री'सारखा चित्रपट काढला, स्वतःच्या चित्रपटांची पोस्टर स्वतः रंगवली, आणि जगानं त्यांना ओळखलं ते बाबूराव पेंटर म्हणूनच. त्या परंपरेची शेवटची फांदी म्हणजे गावातला पेंटर. दुकानाची पाटी, शाळेचा फळा, निवडणुकीची भिंत, ट्रॉलीचा फाळका आणि सायकलचं चेनकव्हर एकाच ब्रशनं. बारक्या ब्रशनं 'र'ची वेलांटी अशी फिरवायचा की बघत राहावं.

फ्लेक्स आला आणि हा ब्रश वाळला. काही पेंटर गवंड्याच्या हाताखाली गेले, काही घरं रंगवायला लागले, आणि काहींनी रेडियमचं दुकान टाकलं. आज मोटारसायकलवर 'नाद खुळा' कापून चिकटवणारा रेडियमवाला हाच त्या पेंटरचा वारसदार. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. जुन्या काळ्या सायकलच्या मागच्या मडगार्डला खालच्या टोकाला पांढरा पट्टा असायचा. आपल्याला वाटायचं, शोभेचा. शोभेचा नव्हता तो. काळ्या सायकलवर काळोखात काहीतरी पांढरं दिसावं म्हणून होता. खाली लाल रिफ्लेक्टर. दिवा नसला तर पोलीस अडवायचे, दंड करायचे. म्हणजे ज्या माणसांना आपण आज जुनाट म्हणतो, त्यांनी एक गोष्ट पक्की ठरवलेली होती: सायकलवाला दिसला पाहिजे. नंतर सायकली रंगीत झाल्या, गिअरच्या झाल्या, टायर जाड झाले, आणि पहिल्यांदा काय गळालं असेल तर मडगार्ड. मडगार्डबरोबर पांढरा पट्टा गेला, डायनामो गेला. सायकल दिसायला भारी झाली आणि अंधारात दिसायची बंद झाली.

गेली वीस-बावीस वर्षं मी बातम्या लिहितोय. हंगामात एक वाक्य माझ्या बोटांना पाठ झालंय: "अंधारात अंदाज न आल्याने." उभ्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळली, अंधारात अंदाज न आल्याने. सायकलस्वाराला वाहनाची धडक, अंधारात अंदाज न आल्याने. गावं बदलतात, वयं बदलतात, हे वाक्य बदलत नाही. लिहिताना ते निसर्गाच्या कोपासारखं वाटतं. जसा काही अंधार हाच गुन्हेगार. पण अंधार रोज ठरलेल्या वेळी येतो, पंचांगात छापून येतो. न दिसणं हे मात्र आपण केलेलं आहे. आणि दिसायला लावणं हे तर कलेचं पहिलं काम.

हॉलंडचं उदाहरण आपल्याकडं नेहमी देतात. तिथल्या न्यूनेन गावाजवळ 2014 मध्ये डान रोझेगार्डे या कलाकारानं सायकलचा रस्ता केला. चित्रकार व्हॅन गॉग या गावात दोन वर्षं राहिला होता. त्याच्या तारांनी भरलेल्या आकाशाच्या चित्रावरून ही कल्पना घेतली. रस्त्यात हजारो बारीक खडे बसवलेत. ते दिवसा उजेड साठवतात आणि रात्री चमकतात. फोटो बघितले की वाटतं, आपल्याकडंही असंच काहीतरी करावं.

थांबा. आधीचा इतिहास वाचा. 1971 साली त्या छोट्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत सुमारे 3300 माणसं मेली, त्यात 400 हून जास्त लहान मुलं. आई-बाप रस्त्यावर उतरले. आंदोलनाचं नाव होतं 'मुलांचे खून थांबवा'. त्यानंतर पुढची कित्येक वर्षं तिथं सायकलींसाठी वेगळे रस्ते होत गेले, चौक बदलले, गाड्यांचा वेग कमी केला. चमकणारा रस्ता या सगळ्यानंतर आला, देवळाचं काम पुरं झाल्यावर कळस चढवावा तसा. आपण पायाच्या आधी कळस घ्यायला निघालोय. साइडपट्टी खचलेली, आणि चौकात सायकलचं शिल्प!

मग आपण काय करावं? चमकणारा रस्ता मागत नाही मी. आपल्या हातात आहे तेवढंच सांगतो.

पहिलं, शाळेतला चित्रकलेचा तास. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना पोरं बसतात. त्यात संकल्पचित्र असतं, अक्षरलेखन असतं. वर्तुळात, चौकोनात नक्षी काढायला शिकवतात, रंगसंगती शिकवतात, आणि परीक्षा झाली की कागद कपाटात. हीच नक्षी रिफ्लेक्टरच्या पट्टीत कापून सायकलवर का चढवू नये? चाकाइतकं चांगलं वर्तुळ दुसरं कुठं मिळणार? प्रत्येक पोरानं आपल्या सायकलची नक्षी स्वतः काढायची. म्हणजे ती 'सुरक्षेची वस्तू' राहणार नाही, 'माझी सायकल' होईल. पोरांना हेल्मेट घाल, दिवा लाव म्हणून सांगितलं की ती तोंड फिरवतात. पण दुसऱ्यापेक्षा भारी दिसायचं म्हटलं की कोल्हापूरचं पोर मागं हटत नाही.

दुसरं, रेडियमवाला. शाळेत एक दिवस त्याला बोलवा, मानधन द्या, कला शिक्षकाच्या शेजारी उभं करा. कापायचं कसं, चिकटवायचं कसं, वळणावर पट्टी सुरकुतू द्यायची नाही कशी, हे त्याच्याइतकं कुणाला येत नाही. गावचा पेंटर फ्लेक्सनं मारला म्हणून हळहळण्यापेक्षा त्याच्या हाताला काम देणं बरं.

यात एक बारकाव्याची गोष्ट आहे. चमकतं ते सगळं रेडियम नसतं. बाजारात नुसत्या रंगीत चकचकीत पट्ट्या भरपूर मिळतात. दिवसा त्या झकास दिसतात आणि रात्री मेल्यासारख्या. खऱ्या रिफ्लेक्टर पट्टीत बारीक काचेचे मणी किंवा लोलकासारखे कोन असतात. ते उजेड ज्या दिशेनं आला त्याच दिशेला परत पाठवतात, म्हणून गाडीवाल्याच्या डोळ्यांना ती पेटल्यासारखी दिसते. ओळखायची रीत सोपी. अंधाऱ्या खोलीत दहा पावलं लांब उभं राहा, मोबाइलचा टॉर्च डोळ्यांच्या शेजारी धरा आणि पट्टीवर मारा. पेटली तर खरी. सायकलच्या रिफ्लेक्टरच्या दर्जासाठी केंद्र सरकारनं 2020 मध्ये आदेशही काढलाय, म्हणजे विषय दिल्लीपर्यंत माहीत आहे.

लावायचं कुठं, यातही डिझाइन आहे. पुढं पांढरी, मागं लाल, बाजूला आणि पायडलला पिवळी. पायडल सगळ्यात महत्त्वाचं. स्थिर ठिपका दिसला तर गाडीवाल्याला कळत नाही की तो दगड आहे का खांब. वर-खाली होणारे दोन पिवळे ठिपके दिसले की क्षणात कळतं, हा माणूस आहे, सायकल मारतोय. चाकाच्या तारांवर लावलं तर आडव्या रस्त्यानं जाणारी सायकलही दिसते. एका सायकलला एकंदर पट्टी लागते हातभर.

तिसरं, ट्रॉली. हे तिसऱ्या नंबरावर लिहिलं तरी वजनानं पहिलं आहे. ट्रॉलीचा फाळका काय रंगवलेला असतो! मोर, वाघ, आई-वडिलांचा आशीर्वाद. पण ऊस भरला की वाढं मागं लोंबतात आणि मोर, दिवा, रिफ्लेक्टर सगळं झाकून जातं. म्हणून रिफ्लेक्टर फाळक्यावर असून उपयोग नाही, भरलेल्या उसावरून सोडायचं कापड पाहिजे, तेही रुंद. अशी कापडं हंगामात काही ठिकाणी वाटतात. पण ती प्रत्येक खेपेला बांधली जातात का, हे काट्यावर बघितलं गेलं पाहिजे. आणि त्या कापडावर नुसत्या पट्ट्या कशाला? आपल्या पेंटरनं काढलेला मोर चमकत्या पट्टीत येऊ दे की! ड्रायव्हर तो हौसेनं बांधेल.

चौथं, साइडपट्टी. हंगामात रस्त्याची कड खचते, डांबर आणि माती यांत वीतभर पायरी होते. मोटारीला ती कळत नाही. सायकलवाला मात्र ट्रॉलीला वाट द्यायला खाली उतरला की परत वर येताना पडतो. गाळप सुरू व्हायच्या आधी या कडा भरून घ्या, एवढी मागणी ग्रामसभेत लिहून द्यायला काही हरकत नाही.

आता तुम्ही काय म्हणणार ते मला माहीत आहे.

एक जण म्हणेल, "चूक ट्रॉलीवाल्याची आणि पट्ट्या पोरांनी लावायच्या?" बरोबर आहे. मोठ्या वाहनाची जबाबदारी मोठीच आहे आणि ती कुणी पोरांच्या अंगावर ढकलू नये. सायकलला पट्टी नव्हती म्हणून अपघात झाला, असं उद्या कुणी म्हणालं तर त्याच्या विरोधात मीच पहिल्यांदा लिहीन. पण ट्रॉलीवाले, रस्तेवाले सगळे सुधारेपर्यंत पोरं रोज घरी यायची आहेतच.

दुसरा म्हणेल, "आता सायकल कोण चालवतंय? घरटी गाडी आहे." घरटी गाडी आहे, पण ती बापाकडं असते. सायकल चालवतं ते ज्याला मत नाही, लायसन्स नाही आणि ज्याची तक्रार कुणी ऐकत नाही ते पोर. म्हणून तर ती कुणाला दिसत नाही.

तिसरा म्हणेल, "मग पोरींनी अंधारात जायचंच कशाला?" हे मात्र मला मान्य नाही. बिहारमध्ये 2006 साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. एका सायकलनं एवढं होतं. आपल्याकडंही जिल्हा परिषदांच्या योजनांतून मुलींना सायकली मिळतात. सायकल दिली आणि रस्ता अंधारात ठेवला, तर घरात एके दिवशी कुणीतरी म्हणतंच, "उद्यापासून क्लास बंद." त्या एका वाक्यात पोरीचं इंजिनिअरिंग जातं, नर्सिंग जातं, पोलीसभरती जाते. अपघाताची निदान बातमी होते. याची बातमीसुद्धा होत नाही.

दिवाळीच्या आसपास मोळी टाकली जाईल आणि धुराडं पेटेल. त्याआधी खंडेनवमी आहे. यंदा सायकलला हार घालाल तेव्हा हारासोबत पट्टीही लावा. शाळेतल्या कला शिक्षकांनो, तुमचा एक तास द्या. दूधसाखर महाविद्यालयातल्या पोरांनो, एका रविवारी आपापल्या गावातल्या बारक्या पोरांच्या सायकली गोळा करा. गावातल्या मंडळांनो, गणपतीच्या लायटिंगवर आपण किती खर्च करतो ते आपल्याला माहीत आहे. त्यातलं चिमूटभर या लायटिंगला द्या. शेजारच्या गावापेक्षा आमच्या सायकली भारी, अशी ईर्ष्या लागली तर मला आनंदच होईल.

कलेसाठी सायकल टांगायला भिंती पुष्कळ आहेत. आपल्याला हंगाम संपेपर्यंत सगळी पोरं घरी यायला हवीत, आणि मला ते एक वाक्य यंदा एकदाही लिहायला लागू नये.